लॉर्ड अँड टेलरची बिल्डिंग पाडलेली नाहीये
परत तेच फिरतंय की न्यूयॉर्कचं लॉर्ड अँड टेलर हे डिपार्टमेंट स्टोअर बंद झालं, फिफ्थ ॲव्हेन्यूवरची बिल्डिंगही पाडली, आणि तसंही तिथे पॅरिसच्या फॅशनच्या नकलाच विकायचे. दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झालं हे खरं, पण १९१४ ची ती इमारत उभी आहे, २००७ पासून लँडमार्क, म्हणजे संरक्षित वास्तू आहे, नंतर ॲमेझॉनने ती ऑफिससाठी घेतली. नकलांचं वाचून मात्र खरंच वाईट वाटलं, कारण सगळे पॅरिसकडे डोळे लावून बसलेले तेव्हा, १९३२ मध्ये, तिथल्याच डोरोथी शेव्हरबाईंनी एलिझाबेथ हॉजसारख्या अमेरिकन डिझायनर्सना त्यांच्या नावानिशी पुढे आणलं, आणि १९४५ मध्ये त्याच बाई त्या स्टोअरच्या प्रेसिडेंट झाल्या.