बाई कमवायला लागली ती म्हणे कालपरवा

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो. मजकूर साधारण असा: ‘पाच हजार वर्षं जगभर पुरुष कमवत होता, बाई घर बघत होती. पैसा-मालमत्ता हा तिचा प्रांतच नव्हता. बाईनं कमवायचं खूळ पश्चिमेकडून आलं, तेही गेल्या पन्नास वर्षांत.’ खाली हात जोडलेले आठ-दहा इमोजी.

‘पुरुष कमवत होता’ इथून सुरुवात करू. सुमारे ३,९०० वर्षांपूर्वी, आजच्या इराकमधल्या अश्शूर शहराचे व्यापारी गाढवांच्या तांड्यांवर कथील आणि लोकरी कापड लादून आजच्या तुर्कस्तानातल्या कानेशला न्यायचे. अंतर हजारेक किलोमीटर. कानेशच्या उत्खननात मातीच्या वीस हजारांहून जास्त पाट्या निघाल्या: हिशेब, करार, घरची पत्रं. नवरा कानेशला, बायको अश्शूरला, असे बरेच संसार त्यांत दिसतात. कापड तयार व्हायचं बायकांच्या देखरेखीखाली, घरातच, आणि विक्रीची चांदी त्यांच्याकडे परत यायची. कमी आली की पत्रातून खरडपट्टी.

पुशुकेन नावाच्या व्यापाऱ्याची बायको लमस्सी हिची पत्रं तर वाचण्यासारखी आहेत. कापड वेळेवर आलं नाही म्हणून नवरा रागावलाय. ती कळवते, मुलगी मोठी झाली, दुसरं जाड कापड करावं लागलं, त्यात तुझं राहिलं. मग उलट विचारते, तुझ्या घरात बसून माझ्या कापडाला नावं ठेवणारा हा आहे तरी कोण? आणि एका पत्रात हेही, की तू गेल्यापासून शलिम-अहूमनं दोनदा घर बांधलं, आपण कधी बांधणार? (हे वाक्य मी डोंबिवलीतही ऐकलंय.) ही बाई घर बघत होती हे अगदी खरं. मेसेजवाल्यांना तिचा माल तेवढा दिसत नाही.

मालमत्तेचं म्हणाल तर इजिप्तची नौनख्ते बघा. इ. स. पू. ११४५च्या सुमारास, थडगी खोदणाऱ्या कारागिरांच्या गावात राहणारी म्हातारी. मुलं आठ. तिनं पंचांसमोर मृत्युपत्र केलं आणि उतारवयात ज्यांनी तिला बघितलं नाही त्यांना आपल्या वाट्यातून वगळलं. बापाकडून मिळायचं ते मिळेल, माझ्यातलं नाही, असा चोख हिशेब.

याचा अर्थ तेव्हा समानता होती असा नाही. कानेशच्या पाट्यांत दासींच्या खरेदी-विक्रीचे करारही आहेत.

राहिलं पश्चिमेचं खूळ. इंग्लंडात लग्न झालेल्या बाईला स्वतंत्र मालमत्तेचा पुरता हक्क मिळाला १८८२च्या कायद्यानं. फ्रान्समध्ये नवऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरी धरायला आणि बँकेत खातं उघडायला बायकोला १९६५ उजाडावं लागलं. आणि आग्नेय नायजेरियात बाजार, पामतेलाचा व्यापार बायकांच्या हातात असताना इंग्रजांनी गावोगावी मुखिया नेमले ते पुरुष. १९२९मध्ये आता बायकांवरही कर बसणार अशी बातमी पसरली, तेव्हा हजारो बायका त्या मुखियांच्या दारात जाऊन बसल्या. इंग्रजांच्या गोळीबारात पन्नासहून अधिक जणी मेल्या. त्या स्वतःच्या कमाईवरच्या कराविरुद्ध उठल्या होत्या.