देवीच्या डोक्यावर चहाचा कप

सकाळी चहा घेता घेता फोन उघडला आणि डोकंच फिरलं. डहाणूकडच्या कुठल्याशा रिसॉर्टची जाहिरात. बैलगाडी, चुलीवरची भाकरी, चिकूच्या वाडीत फेरफटका आणि "वारली पेंटिंग वर्कशॉप, ४५ मिनिटं". माणशी १,८०० रुपये. फोटोत टेबलावर ओळीने लाकडी कोस्टर मांडलेत, चित्र आधीच छापलेलं, आपली बायका-पोरं वरून पांढरा रंग गिरवतायत. आणि छापलंय काय, तर लग्नाचा चौक, वारल्यांच्या लग्नातलं देवीचं चौकोनी चित्र! मधोमध पालघाट देवी. आता घरी न्यायचं आणि देवीच्या डोक्यावर गरम चहाचा कप ठेवायचा.

वारल्यांकडे लग्न असलं की सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात. काढत नाहीत, लिहितात. धवलेरी म्हणजे त्यांची लग्न लावणारी बाई, गाणीही तीच म्हणते. कुणी आपल्या देवघरातल्या टाकावर बशी ठेवली असती तर आपण काय केलं असतं? जाऊ दे, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरात मी आणि लेक असंच "शिकायला" गेलो होतो. बोरिवलीहून डहाणू लोकल, पुढे टमटम, मग वीस मिनिटं पायी. ऑफिसातल्या एकीच्या ओळखीतून एका पाड्यावरच्या आजींकडे. लेक तेव्हा अकरा वर्षांची, दप्तरात नवे ब्रश, ड्रॉइंग पेपर, सगळा जामानिमा. आजींनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि शेणाची बादली पुढे सरकवली. आधी भिंत!

कारवीच्या काटक्यांचा कूड, त्यावर माती-शेणाचा लेप. अर्धी भिंत आम्ही दोघींनी सारवली, तीही आजींनी मागून परत हात फिरवल्यावर भिंत म्हणावी अशी झाली. मग ती वाळेपर्यंत बसा. मग गेरू. मग भिजवलेले तांदूळ पाट्यावर वाटा. दुपारचे दोन वाजले तरी चित्राचा पत्ता नाही. लेक कुरकुरायला लागली आणि खरं सांगायचं तर मीही मनात परतीच्या गाडीचा हिशोब करत होते.

त्या जाहिरातीत ४५ मिनिटांत सगळं होतंय. शेण नाही, वाट पाहणं नाही, हात वाकडा जायची भीती नाही. छापील रेघेवरून रंग फिरवायचा, त्याला शिकणं म्हणायचं. अरे, मग घरीच चित्रं रंगवायचं पुस्तक आणा की, डहाणूपर्यंत कशाला पेट्रोल जाळता?

बरं, रिसॉर्टवाल्याने कुणाला तरी रोजगार दिलाच असेल. मान्य. पण अख्ख्या जाहिरातीत शेफचं नाव आहे, घोड्याचं नाव आहे (खरंच आहे, 'बादल'), आणि शिकवणारा कोण, तर "स्थानिक कलाकार". नाव नाही त्याला? गंजाडच्या वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याच तालुक्यात हा प्रकार!

आता कुणीतरी येऊन म्हणणार की कला बदलतेच, म्हशांनीही भिंत सोडून कागद घेतला, लग्न सोडून रोजचं जगणं काढलं, बायकांच्या हातातलं काम पुरुष करायला लागले. हो, खरंय. वारल्यांनी कपावर काढावं, साडीवर काढावं, चौकाचं काय करायचं तेही त्यांनीच ठरवावं. त्यांचं आहे ते. रिसॉर्टवाल्याच्या डिझायनरचं नाही.

आमची भिंत राहिलीच. अडीचच्या सुमारास आजींनी बांबूची काडी हातात दिली आणि टोक चावायला सांगितलं. चावून चावून त्याचे तंतू सुटले की तोच ब्रश. लेकीचे नवे ब्रश दप्तरातच. तांदळाच्या पिठात काडी बुडवायची आणि दोन त्रिकोण काढायचे, एक उलटा, एक सुलटा, टोकाला टोक लागलं की झाली माणसाची छाती आणि कंबर. ऐकायला किती सोपं! माझ्या माणसाची टोकं जुळेचनात. कंबर एकीकडे, छाती दुसरीकडे. आजी तोंडाला पदर लावून हसल्या, "बाय, हा तर ताडी पिऊन आला!" लेक इतकी हसली की तिच्या हातातली काडी पडली. आजींनी शेजारी चार रेघांत एक बाई उभी केली, डोक्यावर हंडा घेतलेली, आणि ती बाई चालत होती हो. देवीचा चौक आम्हाला शिकवा असं म्हणायची हिंमतच झाली नाही. त्यांनीही विषय काढला नाही.

इथपर्यंत लिहिलं आणि थांबले होते. कारण पुढचं आठवलं.

निघताना आजींच्या नातवाने दोघींचे मिळून पाचशे सांगितले. सकाळी नऊ ते चार. वर नाचणीची भाकरी, वालाची भाजी. आणि मी, आत्ता इथे एवढी तावातावाने टाइप करणारी मी, काय म्हणाले असेन? "चारशे करा ना, आम्ही काय, दोन त्रिकोणच काढले." हसत म्हणाले, सवयीने, भाजीवाल्याला म्हणते तसं. त्याने आजींकडे पाहिलं, आजींनी मान हलवली, झालं. टमटममध्ये लेकीने विचारलं होतं, "आई, शंभर रुपये का कमी केलेस?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक खिडकीबाहेर काहीतरी दाखवलं असेल.

रिसॉर्टचे १,८०० लोक एका शब्दाने न बोलता भरतात. भाव आपण फक्त पाड्यावर करतो.

नातवाचा नंबर अजून फोनमध्ये आहे. मघाशी त्याला शंभर रुपये गूगल पे केले. दहा मिनिटांत उत्तर आलं: "ताई चुकून आले का? परत पाठवू?"