एवढ्याशा फाइलीत व्हायरस मावत नाही? ३७६ बाइट पुरतात

मंगळवारी रात्री साडेदहाला भाच्याचा सांगलीहून फोन. “मामा, अँटिव्हायरस कायमचा बंद कसा करायचा? मी बंद केला तरी थोड्या वेळाने परत चालू होतोय.” पोरगा अकरावीत. कॉम्प्युटर दाजींच्या दुकानातला. त्यावर दुकानाचे हिशेब, जीएसटीची विवरणपत्रं आणि ब्राउझरमध्ये ‘सेव्ह’ करून ठेवलेला बँकेचा पासवर्ड. कशासाठी बंद करायचाय म्हटल्यावर त्याने फॅमिली ग्रुपवर आलेला मेसेज मला पाठवला. पुढच्या दोन दिवसांत तोच मेसेज आणखी दोघांकडून आला, त्यातले एक माझ्याच ऑफिसातले. तेव्हा एकेकाला समजावत बसण्यापेक्षा लिहूनच टाकतो.

मेसेज असा आहे:

“फक्त ९६ केबीमध्ये आख्खा थ्रीडी गेम! मोबाइलच्या एका फोटोपेक्षाही लहान! जर्मन मुलांनी बनवलेलं हे तंत्र कंपन्या दडवून ठेवतात. घाबरू नका, एवढ्याशा फाइलीत व्हायरस मावूच शकत नाही. अँटिव्हायरस ओरडेल, कारण त्याला हे तंत्र कळत नाही. तो बंद करा आणि चालवा. युनेस्कोने या कलेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आहे. झिपचा पासवर्ड १२३४. सगळ्या ग्रुपवर पाठवा.” खाली लिंक.

मला याचा जास्त राग येतो त्याला कारण आहे. ज्या कलेच्या नावाने हे चाललंय, ती डेमोसीन, म्हणजे इवल्याशा प्रोग्राममधून चित्र-संगीत उभं करणाऱ्या हौशी मंडळींची दुनिया, मी वीस वर्षं जीव लावून बघत आलोय. फिनलंड, जर्मनी, नॉर्वे, पोलंड अशा देशांत ही मंडळी ‘पार्टी’ नावाच्या स्पर्धा-मेळाव्यांना जमतात, मोठ्या पडद्यावर एकेकाचा प्रोग्राम, म्हणजेच डेमो, चालतो आणि चित्र-संगीत त्याच क्षणी कॉम्प्युटर तयार करत असतो. आकाराची मर्यादा पाळायची म्हणजे पाळायचीच: ६४ केबी म्हणजे ६५,५३६ बाइट, ४ केबी म्हणजे ४,०९६. त्यात एक बाइट इकडचा तिकडे चालत नाही.

आता पहिला मुद्दा, आणि हा खरा आहे हे मला मान्य करावंच लागेल. ९६ केबीचा गेम आहे. नाव क्रीगर. फारब्राउश या जर्मन ग्रुपमधल्या मंडळींनी तो केला आणि २००४ मध्ये बिंगेन गावच्या ब्रेकपॉइंट पार्टीत दाखवला. फाइल ९७,२८० बाइटची. दगडी भिंती, गंजलेली दारं, अंगावर येणारे राक्षस, हातात बंदूक, सगळं त्यात. नेहमीच्या पद्धतीने साठवला असता तर दोन-तीनशे एमबी झाला असता, असं करणाऱ्यांनीच सांगितलंय.

हे जमतं कसं, ते आमच्या आईला मी रांगोळीवरून सांगितलं होतं. मावशी फोनवर म्हणते, “पंधरा ते आठ ठिपके, मधल्या सहा पाकळ्या, बाहेरून वेल फिरव.” बोलणं दहा सेकंदांचं, आणि इकडे अंगणात हातभर रांगोळी उमटते. भिंतीचा फोटो फाइलीत नसतोच. भिंत कशी काढायची ते असतं: इथे विटा, त्यावर असा खडबडीतपणा, कडांना एवढी काजळी. खडबडीतपणा आणायची युक्तीही जुनीच आहे. केन पर्लिन यांनी १९८०च्या दशकात शोधलेला ‘नॉइज’ डोंगर, ढग, संगमरवर या सगळ्याला आजही वापरतात. २००९ साली त्याच ब्रेकपॉइंटमध्ये पहिला आलेला ‘एलिव्हेटेड’ बघा. ४,०९६ बाइटमध्ये साडेतीन मिनिटं बर्फाचे डोंगर, दऱ्यांवरून सरकणारा कॅमेरा आणि सोबत संगीत. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा संपल्यावर लगेच पुन्हा लावला होता.

तर गेम खरा. आता त्याच्या आडून जे सांगितलंय ते बघू.

“एवढ्याशा फाइलीत व्हायरस मावूच शकत नाही.” हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला एकतर काहीच माहीत नाही, नाहीतर सगळं माहीत आहे. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ नावाचा वर्म, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा प्रोग्राम, सुटला. त्याचा आख्खा कोड ३७६ बाइटचा होता. केबी नव्हे, बाइट. डेव्हिड मूर आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात त्याची चिरफाड छापली. तो लेख मी भाच्याला वाचायला लावला, तुम्हीही वाचा. त्यातले आकडे असे: सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी लागण झालेल्या मशीनची संख्या दुप्पट होत होती. ज्यांना लागण होऊ शकत होती त्यांतली ९० टक्क्यांहून जास्त मशीन दहा मिनिटांच्या आत गेली. किमान ७५,००० मशीन. एटीएम बंद पडली, विमानांची उड्डाणं रद्द झाली.

३७६ बाइट म्हणजे किती? देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह कॉम्प्युटरमध्ये साधारण ३ बाइट घेतं, काना-मात्रा-वेलांटीचे वेगळे मोजायचे. म्हणजे सव्वाशे चिन्हं. व्हायरस मावत नाही असं सांगणारा तो मेसेजच स्लॅमरपेक्षा मोठा आहे. आणि क्रीगरच्या ९७,२८० बाइटमध्ये स्लॅमर अडीचशेहून जास्त वेळा मावेल.

कोणी म्हणेल, स्लॅमर फाइलीतून आला नव्हता, तो एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्राममधल्या भोकातून नेटवर्कवरून शिरला. बरोबर. मग १९९८चा सीआयएच घ्या, ज्याला चेर्नोबिल म्हणायचे. साधारण एक केबीचा. तो प्रोग्रामच्या फाइलीत ज्या रिकाम्या जागा असतात त्यांत तुकड्या-तुकड्याने जाऊन बसायचा. त्यामुळे फाइलीचा आकार वाढतच नसे. २६ एप्रिलला तो जागा झाला की हार्ड डिस्कवरचा डेटा जायचाच, काही मशीनची बायोस चिपही (कॉम्प्युटर सुरू करणारा प्रोग्राम जिच्यात असतो ती) पुसली जायची आणि कॉम्प्युटर सुरूच होत नसे.

आणि मुळात व्हायरस सगळाच्या सगळा फाइलीत असायची गरज काय? ४ केबीचा डेमो ४ केबीत मावतो, कारण चित्र काढायचं, आवाज वाजवायचं पुष्कळसं काम विंडोज आणि ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर करतात. डेमो त्यांना फक्त काम सांगतो. चोरालाही तीच सोय मोकळी आहे. नेटवरून फाइल आणायची सोय विंडोजमध्ये आयती असते. चार ओळींचा प्रोग्राम ती वापरून बाकीचं सामान नंतर आणतो. मावशीने फोनवर रांगोळी सांगितली तशीच कोणी तिजोरीची किल्ली कुठे आहे हेही सांगू शकतं. तेवढ्याच दहा सेकंदांत.

दुसरा मुद्दा अँटिव्हायरसचा. सगळ्यात घातक हाच, कारण यात अर्धं सत्य आहे. खऱ्या डेमोवर अँटिव्हायरस ओरडतो. माझ्या मशीनवर कितीदा ओरडलाय. कारण असं की हे प्रोग्राम शेवटी दाबून-दाबून बारीक केलेले असतात. फारब्राउशचं त्यासाठीचं हत्यार केक्रंची, ४ केबीवाल्यांचं क्रिंकलर. फाइलीत दिसतो तो नुसता चोथा. चालवल्यावर ती मेमरीत उलगडते आणि खरा कोड तिथे तयार होतो. व्हायरस लिहिणारेही आपला कोड ओळखू येऊ नये म्हणून नेमकं हेच करतात. अँटिव्हायरसला बाहेरून दोघांचं गाठोडं सारखंच दिसतं, म्हणून तो दोघांवरही भुंकतो.

यातून मेसेजवाल्याने काढलेला निष्कर्ष काय, तर राखणदार कधीकधी पाहुण्यावरही भुंकतो, तेव्हा त्याला बांधून ठेवा आणि दार उघडं टाका. अरे, ज्या घरात राखणदाराचं भुंकणं कोणी मनावर घेत नाही, चोराला तेच घर हवं असतं! “अँटिव्हायरस ओरडेल, लक्ष देऊ नका” ही सूचना खरा डेमो देणाऱ्याला द्यावी लागते हे खरं, पण चोरालाही अक्षरशः तीच द्यावी लागते. त्या वाक्यावरून समोर कोण आहे ते कळत नाही. मग कळतं कशावरून, तर फाइल आली कुठून त्यावरून. एवढा एकच प्रश्न आहे आणि मेसेजमध्ये त्याचंच उत्तर नाही.

झिपला पासवर्ड का, हेही विचारा. २००४ पासून जगजाहीर असलेल्या, फुकट वाटलेल्या गेमला कुलूप कशाला? पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत अँटिव्हायरसला किंवा मेल सर्व्हरला डोकावता येत नाही. मेसेजमध्येच १२३४ लिहिलंय म्हणजे माणसापासून लपवायचं काहीच नाही. लपवायचंय ते तपासणाऱ्या प्रोग्रामपासून.

भाच्याला म्हटलं, फाइलीवर राइट क्लिक कर, प्रॉपर्टीजमध्ये जा, साइझ वाचून दाखव. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, “मामा, ४१ एमबी.” ९६ केबीचं कौतुक सांगणाऱ्या लिंकवरची फाइल चारशेपट मोठी! पोराने मेसेज तीनदा वाचला होता, पण आकडा पडताळून बघितला नव्हता. दोष त्याचा म्हणणार नाही मी. त्याला चमत्कार बघायचा होता आणि त्या वयात मलाही तोच बघायचा होता. फाइल त्याने संध्याकाळी एकदा चालवून झाली होती. काळी खिडकी क्षणभर आली आणि गेली, गेम काही सुरू झाला नाही. म्हणून तर अँटिव्हायरस आड येतोय असं त्याला वाटलं. ती फाइल नेमकं काय करत होती ते मी खोदत बसलो नाही. नेटची वायर काढायला सांगितली, दुसऱ्या दिवशी सांगलीला गेलो, हिशेबाचा बॅकअप तपासून विंडोज नव्याने टाकलं.

बाकीचे मुद्दे भराभर. कंपन्या तंत्र दडवतात, हे साफ खोटं. फारब्राउशने २०१२ मध्ये आपली हत्यारं सोर्स कोडसकट सगळ्यांसाठी खुली केली, क्रीगरचा कोडही त्यात आहे. मोठे गेम मोठे असतात कारण त्यांत माणसांनी हाताने रंगवलेली चित्रं आणि कलाकारांचे आवाज असतात, आणि ते सूत्रातून निघत नाहीत.

युनेस्को: फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये डेमोसीनला आपापल्या देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. या याद्या युनेस्कोच्या कराराखाली त्या-त्या देशाने ठेवलेल्या असतात, म्हणजे ही मान्यता युनेस्कोने स्वतः दिलेली नाही. मला त्याचा आनंदच झाला होता. पण वारी कितीही पवित्र असली तरी गर्दीत पाकीट वरच्या खिशात ठेवत नाही आपण. कलेला मान मिळाला म्हणजे त्या कलेच्या नावाने आलेली प्रत्येक फाइल तपासून मिळाली असं होत नाही.

डेमो बघायचे असतील तर जरूर बघा, मी तर आग्रह करेन. पहिल्यांदा व्हिडिओ बघा. गाजलेल्या जवळजवळ प्रत्येक डेमोचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर आहे आणि त्याला काहीही डाउनलोड करावं लागत नाही. स्वतःच्या ग्राफिक्स कार्डावर चालताना बघायचं असेल तर शेडरटॉय हे संकेतस्थळ उघडा. ‘एलिव्हेटेड’ करणाऱ्यांतले इनिगो क्विलेझ यांनी पोल जेरेमियास यांच्यासोबत सुरू केलेलं आहे. तिथे कोड ब्राउझरमध्ये चालतो, शेजारी वाचताही येतो. भाचा आता तिथेच असतो. परवा त्याने वीस-बावीस ओळींत पाण्यावर हलणारा चंद्र काढून पाठवला.

मूळ फाइलच हवी असेल तर पूए आणि सीन-ओआरजी या डेमोवाल्यांच्या स्वतःच्या जुन्या ऑनलाइन संग्रहांतून घ्या. तिथे प्रत्येक डेमोमागे ग्रुपचं नाव, कुठल्या पार्टीत दाखवला ते आणि बघणाऱ्यांचे वर्षानुवर्षांचे अभिप्राय असतात. फाइलीत घाण असती तर कोणीतरी बोंब मारली असती. ही शंभर टक्के हमी नाही, म्हणून मी स्वतः या फाइली एका जुन्या लॅपटॉपवर चालवतो, ज्यावर ना बँक आहे ना ईमेल. एकच फाइल अनेक अँटिव्हायरसकडून तपासून देणाऱ्या व्हायरसटोटल या संकेतस्थळावर टाकून बघणं चांगलं, पण त्याच्या आकड्यावर एकट्यावर जाऊ नका. दाबलेला खरा डेमो तिथे लालेलाल दिसू शकतो आणि कालच बनवलेला व्हायरस स्वच्छ.

ज्यांनी ती फाइल चालवली आहे त्यांनी आज, आत्ता हे करा. त्या कॉम्प्युटरचं नेट तोडा. पासवर्ड त्याच कॉम्प्युटरवरून बदलू नका, मोबाइलवरून बदला. आधी ईमेलचा, मग बँकेचा. ईमेलच्या सेटिंगमध्ये ‘सगळीकडून लॉग आउट’ करा, कारण ब्राउझरमधलं चालू लॉगिन चोरीला गेलं असेल तर नुसता पासवर्ड बदलून कधीकधी भागत नाही. बँकेला कळवा. खात्यातून पैसे गेले असतील तर सकाळची वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.