व्हीआय आणि फ्लॅश पॉइंटचा तो तक्ता बघून ऑइल घेऊ नका

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सात-आठ ग्रुपवर आलाय, परवा तर मेव्हण्याने खास मला पाठवला आणि विचारलं, दाजी हे खरं का. साताऱ्यात मोळाच्या ओढ्याजवळ माझं गॅरेज आहे, रोज हेच काम, त्यामुळे उत्तर द्यायलाच बसलोय.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दहा सिंथेटिक ऑइलचा तक्ता आहे, प्रत्येकासमोर व्हिस्कॉसिटी इंडेक्स (व्हीआय), फ्लॅश पॉइंट, पोर पॉइंट आणि टीबीएन. ज्याचे आकडे भारी ते ऑइल नंबर एक. खाली लिहिलंय की ५डब्ल्यू-३० (ही ऑइलच्या घट्टपणाची ग्रेड) म्हणजे पाणी, आपल्या उन्हात २०डब्ल्यू-५०च घाला, फुल सिंथेटिक असेल तर २० हजार किलोमीटर बघायचं पण नाही, आणि कारचं सिंथेटिक बाईकला घातलं तर इंजिन मखमल होतं. शेवटी कुठलं ऑइल जास्त भार घेतं ते दाखवणाऱ्या, दांडा दाबायच्या मशीनचा व्हिडिओ.

आधी तक्ता. त्यातले आकडे खोटे नाहीत, कंपन्यांच्या डेटा शीटमधलेच आहेत, पण डेटा शीटवर वरती लिहिलेलं असतं "टिपिकल व्हॅल्यूज", म्हणजे नव्या कोऱ्या ऑइलचे साधारण आकडे, हमी नव्हे. आणि मोजलंय काय ते बघा ना. फ्लॅश पॉइंट म्हणजे ऑइल तापवत नेलं की कोणत्या तापमानाला त्याच्या वाफेवर ज्योत भपकन पेटते ते. बहुतेक इंजिन ऑइल २०० च्या वरच असतात आणि संपमधलं (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतलं) ऑइल शंभर ते एकशेवीस डिग्रीच्या आसपास फिरतं, मग २२६ वाल्यापेक्षा २३४ वालं इंजिन जास्त वाचवतं हे कुठून आलं? ऑइल किती उडून जातं हे बघायचं तर नोआक टेस्ट बघा, २५० डिग्रीला एक तास ठेवून किती टक्के कमी झालं ते मोजतात, एपीआय एसपी या अमेरिकन दर्जाच्या ५डब्ल्यू-३० ला १५ टक्क्यांची मर्यादा आहे. तो रकाना तक्त्यात नाहीच.

पोर पॉइंट म्हणजे ज्याच्या खाली ऑइल वाहायचं थांबतं ते तापमान, त्याचं तर विचारूच नका. उणे ३६ आणि उणे ४२ यात साताऱ्यात काय फरक पडणार, महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दव गोठलं तरी ती पेपरात बातमी होते.

व्हिस्कॉसिटी इंडेक्स म्हणजे तापमान बदललं की घट्टपणा किती बदलतो त्याचा आकडा. चांगली गोष्ट आहे, पण वेगवेगळ्या ग्रेडची ऑइल एका रांगेत लावून व्हीआय बघण्यात अर्थ नाही, ०डब्ल्यू-२० चा व्हीआय सहसा २०डब्ल्यू-५० पेक्षा जास्तच येणार, ग्रेडच तशी बनते. त्यात व्हीआय पॉलिमर घालूनही वाढवता येतो आणि ते पॉलिमर इंजिनात चिरडले जातात, मग पाच हजार किलोमीटरनंतर तुमच्या संपमध्ये डब्यावरचा व्हीआय राहतोच असं नाही.

टीबीएन म्हणजे ॲसिड मारायची ताकद. जास्त असेल तर बरं, असं जुन्या डिझेलला म्हणता येत होतं. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस६ आलं, डिझेलमधला गंधक १० पीपीएमवर आला, त्याआधी बीएस४ ला ५० होता. ॲसिडच कमी बनतं. आणि टीबीएन देणारं जे डिटर्जंट असतं त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं, ते जळून राख उरते, ती डीपीएफमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरच्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, जाऊन बसते. काजळी रीजनरेशनमध्ये, म्हणजे फिल्टर तापवून साफ होताना, जळून जाते, राख जळत नाही. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं ऑइल सांगतात, उदाहरणार्थ एसीईए सी३ या युरोपियन दर्जामध्ये राख जास्तीत जास्त ०.८ टक्के. तक्त्यात नंबर एकवर जे ऑइल आहे ते टीबीएनमुळे वर गेलंय, आणि तेच जर बीएस६ डिझेलमध्ये सलग घातलं तर डीपीएफचं आयुष्य कमी होणार. कोरेगाव बाजूचा एक गाडीवाला माझ्याकडे डीपीएफची लाईट घेऊन आला होता, आधी दुसरीकडे तीन वेळा जुन्या पद्धतीचं १५डब्ल्यू-४० पडलेलं. सगळा दोष ऑइलचा असं मी म्हणणार नाही, गाडी दोन-दोन किलोमीटरच फिरत होती, पण दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि खर्च त्याच्या बोकांडी बसला.

आता "५डब्ल्यू-३० म्हणजे पाणी". हा सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज आहे म्हणून इथे जरा वेळ घेतो. लोकांना वाटतं गार असताना ऑइल ५ असतं आणि तापलं की ३० होतं, म्हणजे गरम झाल्यावर घट्ट. तसं कुठलंच ऑइल करत नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला आहे, ५डब्ल्यू ची स्टार्टिंगची चाचणी उणे ३० डिग्रीला होते, २०डब्ल्यू ची उणे १५ ला. नंतरचा आकडा १०० डिग्रीचा, ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (घट्टपणाचं माप), ५० म्हणजे १६.३ ते २१.९. आता ४० डिग्रीला बघा, आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभी गाडी समजा, तिथे ५डब्ल्यू-३० साधारण ६५-७० असतं आणि २०डब्ल्यू-५० दीडशेच्या पुढे. म्हणजे जे तुम्ही पाणी म्हणताय ते भर उन्हात सुद्धा चालू इंजिनातल्या तापलेल्या ऑइलच्या पाच-सहा पट घट्ट आहे. डिसेंबरच्या सकाळी २०डब्ल्यू-५० काकवीसारखं सरकतं, आणि आत्ताच्या इंजिनात व्हीव्हीटी (व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा), हायड्रॉलिक टॅपेट, टर्बो सगळं बारीक वाटांतून ऑइल मागतं आणि ते लगेच मागतं.

बाहेरचं ऊन ४० असो नाहीतर २५, थर्मोस्टॅट कूलंट नव्वदच्या आसपासच ठेवतो. ऑइलवर ताण येतो तो लोडने, गाडी भरून खंबाटकी चढताना, ऊनामुळे नव्हे. आणि त्या वेळी बेअरिंगमध्ये थर टिकतो का हे १०० डिग्रीच्या आकड्याने कळत नाही, त्यासाठी एचटीएचएस बघायचा, १५० डिग्रीला जोरात घासलं जात असताना उरलेला घट्टपणा. इथे खरी गंमत आहे. दुकानात दोन डबे असतात, दोन्हीवर ५डब्ल्यू-३०, दोन्हीवर फुली सिंथेटिक. एक साधं एपीआय एसपी, ग्रेडनुसार त्याचा एचटीएचएस किमान २.९. दुसरं एसीईए सी३, त्याला किमान ३.५ लागतो, आणि १५डब्ल्यू-४० ची किमान मर्यादा ३.७ आहे. म्हणजे दोन ५डब्ल्यू-३० मध्येच इतका फरक असू शकतो, आणि व्हायरल तक्त्यात हा रकाना पण नाही! ज्या इंजिनाला ३.५ चं लागतं त्यात २.९ वालं घालून मग "पातळ ऑइलने इंजिन गेलं" म्हणायचं, यात चूक ग्रेडची नाही.

ज्या गाडीच्या पुस्तकात २०डब्ल्यू-५० लिहिलंय तिला तेच घाला, जुन्या एअरकूल्ड इंजिनांना ते बरोबरच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

२० हजार किलोमीटरचं. सिंथेटिक हा शब्दच आधी सैल आहे. १९९९ साली अमेरिकेत मोबिलच्या तक्रारीवर जाहिरात नियमन मंडळाने कॅस्ट्रॉलच्या बाजूने निकाल दिला, तेव्हापासून ग्रुप ३ म्हणजे खनिज तेलच जोरदार प्रक्रिया करून शुद्ध केलेलं बेस ऑइल सिंथेटिक म्हणून विकलं जातं, पीएओ, म्हणजे रसायनातून बनवलेलं खरं सिंथेटिक बेस ऑइल, असेलच असं नाही. ग्रुप ३ वाईट आहे असं अजिबात नाही, चांगलं असतं. पण बेस ऑइल कितीही चांगलं असलं तरी ॲडिटिव्ह संपतात, काजळी साठते, पेट्रोल मिसळतं. पोवई नाका ते राजवाडा एवढंच रोज फिरणारी गाडी कधी नीट तापतच नाही, पेट्रोल आणि पाणी संपमध्येच राहतं, तिचं ऑइल कमी किलोमीटरमध्ये खराब होतं, हायवेला पुण्याला रोज जाणारीचं उलट टिकतं. म्हणून पुस्तकात किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात, जे आधी येईल ते. काळं झालं म्हणून घाबरू नका, डिझेलमध्ये हजार किलोमीटरलाच काळं होतं, काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम. पण अजून सोनेरी दिसतंय म्हणून चालवत राहू पण नका.

बाईकवाल्या पोरांनो, हे नीट वाचा. बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो. कारच्या ऑइलमध्ये, खास करून ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० मध्ये, घर्षण कमी करणारे ॲडिटिव्ह असू शकतात, आणि क्लचला तर घर्षणच पाहिजे. म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाईकच्या ऑइलचा जपानी दर्जा) बघायचं. मागच्या पावसाळ्यात एक पोरगा कासला निघाला, यवतेश्वर घाटात आरपीएम वर जातोय आणि गाडी ओढत नाही, मागे बसलेला मित्र उतरून चालत गेला. ऑइल त्याने हाच सल्ला ऐकून घातलेलं. क्लच प्लेटा बदलाव्या लागल्या. एवढं बरं की चढावर झालं, ओव्हरटेक करताना नाही झालं. बहुतेक स्कूटरचा क्लच कोरडा असतो म्हणून तिथे जासो एमबी (कमी घर्षणाचं) चालतं, बाईकला नाही.

आणि तो व्हिडिओ. फिरत्या रिंगवर बेअरिंग दाबून कुठलं ऑइल जास्त भार घेतं ते दाखवतात. ही पद्धत मुळात गिअर ऑइल आणि ग्रीसच्या चाचणीतून घेतलीय. इंजिनाच्या बेअरिंगमध्ये ऑइलचा थर शाफ्टला तरंगवतो, असं धातूवर धातू दाबत नाहीत. त्या मशीनवर जिंकायला क्लोरीनवालं ॲडिटिव्ह घातलं की झालं, आणि इंजिनात तेच गंज आणतं. शॅम्पूने पण त्या मशीनवर चांगला निकाल येतो, इंजिनात शॅम्पू घालाल का?

मेव्हण्याला मी एवढंच लिहून पाठवलं: गाडीचं पुस्तक काढ, त्यातला ग्रेड आणि स्पेक दोन्ही लिहून घे, एपीआय काय, एसीईए काय, कंपनीचं स्वतःचं अप्रूव्हल मागितलंय का. डब्याच्या मागे "अप्रूव्हड" लिहिलंय का "सुटेबल फॉर" ते वाच, पहिल्याला गाडीच्या कंपनीची मंजुरी असते, दुसरं ऑइलवाला स्वतःच म्हणत असतो. त्याने डब्याचा मागचा फोटो पाठवला, बीएस६ डिझेल आणि हातात सी३ नसलेला डबा. सील तोडलं नव्हतं, आज बदलून आणणार आहे.