मोजा, २३ आहेत

आज भाच्यावर ओरडलो. टॅक्सीत, ड्रायव्हरच्या देखत.

पुण्याहून आलाय, तसा गुणी पोरगा आहे. मरीन ड्राइव्हच्या टोकाला टॅक्सी वळली, तेव्हा मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणतो, "मामा, हे पांढरं खोकं अजून पाडलं नाही का?"

खोकं! एअर इंडियाच्या बिल्डिंगला!

आमचे बाबा लालबागला गिरणीत होते. गावाहून, म्हणजे संगमेश्वरकडून, कोणी आलं की त्याची मुंबई ठरलेली. राणीचा बाग, म्हातारीचा बूट, गेटवे आणि शेवटी नरिमन पॉइंट. तिथे पाहुण्याला एअर इंडियासमोरच्या फुटपाथवर उभं करून बाबा मजले मोजायला लावायचे. स्वतःही मोजायचे, हवेत बोट टोचत टोचत. तेरा-चौदापर्यंत मान अवघडायची, मागून कोणीतरी हॉर्न मारायचं, मोजणी चुकायची. पुन्हा पहिल्यापासून. कधी २१ यायचे, कधी २४. एकदा आत्याने विचारलं, "दादा, एवढ्या वर पाणी कोण चढवतं रे?" बाबा म्हणाले, "पंप असतो ना आमच्याकडे."

आमच्याकडे! पहाटे साडेचारला चाळीच्या नळाखाली कळशी लावणारा माणूस म्हणत होता हे. त्या बिल्डिंगचा दरवाजासुद्धा त्यांनी कधी आतून बघितला नव्हता.

आणि आज आमचंच पोरगं तिला खोकं म्हणतंय. चूक त्याची नाही, आपली आहे. आपण मुलांना जुनी मुंबई दाखवतो म्हणजे काय दाखवतो? व्हीटी दाखवतो, राजाबाई टॉवर दाखवतो. दाखवायलाच हवा. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने पैसे दिले, १८७८ साली २८० फूट उंच मनोरा उभा राहिला, या शहराला मान वर करून बघायची सवय तिथूनच लागली असेल. ओव्हल मैदानाच्या एका बाजूच्या गॉथिक आणि दुसऱ्या बाजूच्या आर्ट डेको इमारती २०१८ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, तेव्हा मीही इथे फोटो टाकले होते, तुम्ही लाइकही केले होते. पण स्वातंत्र्यानंतर आपण जे उंच बांधलं, त्याचं काय? साठच्या दशकात कार्माइकल रोडला २५ मजली उषाकिरण उभी राहिली. सत्तरच्या दशकात नरिमन पॉइंटला एक्स्प्रेस टॉवर, ओबेरॉय, १९७४ला एअर इंडिया. १९८०ला दलाल स्ट्रीटवर शेअर बाजाराचा टॉवर. यांचा फोटो कोण टाकतं? साहेबाने बांधलं तर वारसा आणि आपण बांधलं तर खोकं, असा हा हिशेब.

हो, माहितीये, कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच. एअर इंडियाचा आर्किटेक्ट अमेरिकन होता. एक्स्प्रेस टॉवरवाला जोसेफ स्टाइनही तिकडचाच. मान्य. बांधताना सिमेंटच्या पाट्या कोणी उचलल्या, तेही लिहा मग.

बरं, पेडर रोडवरून जाता तेव्हा कांचनजंगा बिल्डिंगकडे बघता का कधी? आपल्या आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची, १९८३ची. कोपऱ्यात दोन-दोन मजले उंच गच्च्या कोरल्यासारख्या आहेत ना, त्या शोभेच्या नाहीत. मुंबईत समुद्र पश्चिमेला, वारा तिकडूनच आणि दुपारचं ऊन अन् पावसाचा मारासुद्धा तिकडूनच. जुन्या बंगल्याला ऊन-पाऊस अडवायला भोवती व्हरांडा असायचा, तोच या माणसाने उचलून आकाशात नेऊन ठेवला. वारा आरपार जातो. आणि हल्लीचे टॉवर? पश्चिमेला अख्खी काच लावायची, उन्हात तापवायची आणि दिवसभर एसीने थंड करायची. याला म्हणे प्रगती.

जाऊ दे, बीपी वाढतं माझं.

नरिमन पॉइंट म्हणजे समुद्र बुजवून केलेली जमीन, त्या वेळी कोळ्यांना कोण विचारायला गेलं होतं, हेही खरंच. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण बाबा. १२ मार्च १९९३ला एअर इंडियाच्या बिल्डिंगखाली स्फोट झाला. तोवर संपात गिरणी गेली होती, बाबा एका दुकानात हिशेब लिहायचे. दोन-तीन दिवसांनी आईला काही न सांगता ते नरिमन पॉइंटला जाऊन आले. रात्री जेवताना वाटीतली आमटी भातावर ओतत म्हणाले, "तेवीस आहेत." एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा मोजणी बरोबर आली होती. आई म्हणाली, "काय तेवीस?" बाबांनी भात कालवला.

एअर इंडियाने २०१३ला आपलं मुख्यालय दिल्लीला हलवलं. मग बिल्डिंग राज्य सरकारने घ्यायचं ठरवलं, १६०१ कोटींना, २०२४ला केंद्राने मंजुरीही दिली. घ्या, सरकारी कचेऱ्या आणा, हरकत नाही. फक्त त्या भिंतींना निळी काच चिकटवू नका, हात जोडतो. आतल्या लिफ्टची आणि संडासांची अवस्था मला सांगू नका, कामासाठी गेलोय मी, बघितली आहे. ती दुरुस्त करा. दुरुस्ती आणि पाडणं यात फरक असतो.

आमच्या भागात आता २८० मीटरचा टॉवर आहे. गिरणीच्या जमिनीवर. गेल्या महिन्यात तसल्याच एका टॉवरसमोर थांबून सवयीने मजले मोजायला लागलो, तर वॉचमनने हटकलं. "साहेब, इधर खडा नहीं रहने का." तो त्याची नोकरी करतोय बिचारा. पण तिथे उभं राहून मी कोणाला "आमच्याकडे" म्हणून सांगू?

भाच्याला मघाशी सॉरी म्हटलं. त्याने विचारलं, "खरंच तेवीस आहेत का?" म्हटलं, उद्या जा आणि मोज.

एक विनंती. एअर इंडियाच्या डोक्यावर रात्री तो लाल लोगो पेटलेला असायचा, तेव्हाचा फोटो कोणाकडे असेल तर खाली टाका. आमच्याकडे एक होता, आत्या, बाबा आणि मागे बिल्डिंग. तिघांपैकी आत्याचंच डोकं पूर्ण आलं होतं. २००५च्या २६ जुलैच्या पाण्यात ट्रंकेसकट गेला.