सिलोनवर अडलेली सुई

माळ्यावरून व्हॉल्व्हचा रेडिओ खाली आला की घरात दोन मतं पडतात: ‘भंगारात द्या’ आणि ‘लावून तर बघा’. पहिल्यातून थोडे पैसे निघतात, दुसऱ्यातून धूर. म्हणून थेट प्लगात खुपसू नका. ६० वॅटचा जुना, तारेचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घाला, म्हणजे रेडिओकडे जाणारी वीज बल्बमधूनच जाईल. क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, लख्खच राहिला तर आत शॉर्ट.

सफाई अर्थात प्लग काढून. तरीही फिल्टर कंडेन्सर दोनशेवर व्होल्ट पोटात धरून बसतो, रुसलेल्या मामासारखा. १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टन्समधून त्याला शांत करा, मग मीटर लावून खात्री करा. आणि ट्रान्सफॉर्मर नसलेल्या सेटमध्ये चॅसीच (आतला पत्र्याचा सांगाडा) विजेच्या लाइनवर असू शकते. चालू सेटच्या नॉबचा उघडा स्क्रूसुद्धा झटका देतो.

आता नॉब फिरतो, सुई मात्र सिलोनवरच. डायलचा दोरा घसरलाय. तो काढण्याआधी त्याची वाट कागदावर काढा. नंतर आठवते ती वाट दुसऱ्याच रेडिओची असते. शिवणाचा दोरा ताणून सैल पडतो, पुण्याच्या तापकीर गल्लीत डायल कॉर्ड मागून बघा. (‘मोबाइलवर ऐका की’ हे फुकट मिळतं.) नॉबच्या दांडीवर दोन-तीन वेढे, स्प्रिंग ताठ, आणि गँग (स्टेशन बदलणारा पात्यांचा कंडेन्सर) पूर्ण मिटलेली असताना सुई मीडियम वेव्हच्या कमी किलोहर्ट्झच्या टोकाला. या कामाला तीन हात लागतात. तिसरा घरातल्या कुणाचाही चालतो, फक्त त्या हाताला तोंड नसावं.

सुई फिरवताना खरखर आली तर गँगच्या पात्यांत धूळ असते, किंवा दांड्याला टेकणारी स्प्रिंगची पट्टी मळलेली असते. मऊ ब्रश, फुंकणी, पट्टीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब, बस. कडेची चिरा दिलेली पाती वाकडी दिसतात म्हणून सरळ करू नका. कारखान्यात स्टेशनं जुळवायला मुद्दाम वाकवलेली असतात. आयएफटीचे (पत्र्याच्या डबीतल्या, आधीच जुळवलेल्या कॉइल्सचे) स्क्रूही ‘जरा घट्ट’ करायचे नसतात. आवाज वाढवताना होणारी खरखर वेगळी: व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून तो वीस-पंचवीसदा फिरवा.

डायलच्या काचेला आतून ओला फडका लावू नका. अक्षरं त्याच बाजूला असतात; एका पुसण्यात लाहोर गायब.

एवढं करून ७९२ किलोहर्ट्झवर पुणे लावलं आणि तरी कर्रर्र आलं, तर घरातले चार्जर एकेक करून काढा. मग उरतो शेजाऱ्यांच्या जिन्यातला एलईडी. त्याला आयसोप्रोपिल लागू पडत नाही.