तीनशे किलोमीटरनंतर बाई पुढं जाते?

‘लांब पल्ल्यात बाई पुरुषाला मागं टाकते, विज्ञानानं सिद्ध झालंय’ हा मेसेज या महिन्यात आमच्या पोलीस भरतीच्या ग्रुपवर चारदा आला. यवतमाळकडच्या आमच्या गावात मी पोरापोरींना पहाटे डांबरी रस्त्यावर पळवतो. पाठवणाऱ्यांना पोरींचं भलंच हवंय, पण मेसेज चुकीचा आहे.

मेसेज म्हणतो, १९५ मैलांच्या, म्हणजे सुमारे ३१४ किमीच्या पुढं बायका ०.६ टक्क्यांनी वेगवान. आकडा २०२० च्या एका अहवालातला आहे, बनावट नाही. पण ती पळायला आलेल्यांची सरासरी आहे, आणि त्याच अहवालात अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा लांब शर्यतींत बायका जेमतेम २३ टक्के. आमच्या रस्त्यावर बघा ना. पोरं तीस, पोरी चार. पोरांत कोणी दोस्ताच्या मागं आलेला, कोणी दोन किमीत बसणारा. पोरी घरच्यांशी भांडून, चूल पेटवून आलेल्या. कच्ची होती ती आलीच नाही. या दोन सरासऱ्यांवरून बाईचं शरीर वेगवान कसं ठरेल?

अव्वल विरुद्ध अव्वल लावा. २०२२ मध्ये अलेक्सांद्र सोरोकिन २४ तासांत ३१९.६१४ किमी धावला. २०२३ मध्ये जपानची मिहो नाकाता २७०.३६३ किमी धावली, तो तेव्हाचा बायकांचा विश्वविक्रम. तासाला दोन किमीचं अंतर.

‘मग कोर्टनी डॉवाल्टर?’ ही अमेरिकी धावपटू २०१७ मध्ये सुमारे २४० मैलांच्या ‘मोआब २४०’ शर्यतीत पुरुषांसकट सगळ्यांच्या पुढं, दुसऱ्यापेक्षा दहा तास आधी पोचली. जास्मिन पॅरिसनं २०१९ ची २६८ मैलांची स्पाइन रेस जिंकली, वाटेत थांबून बाळासाठी दूध काढत. हे मी पोरींना अभिमानानं सांगतो. पण अशा शर्यतीत थोडेच लोक असतात. झोप, पोट, वाट चुकणं यांवर निकाल फिरतो. त्या दोघी जिंकल्या, म्हणून प्रत्येक बाई जिंकेल असं नाही.

‘बाईचं शरीर चरबी जाळतं, म्हणून थकत नाही’ हे अर्धं खरं. बायका चरबी तुलनेनं जास्त वापरतात, वेगही समतोल ठेवतात. पण पुरुषाचं हृदय मोठं, हिमोग्लोबिन सरासरी दहा-बारा टक्के जास्त. स्नायूंना प्राणवायू तेच पोचवतं, आणि ते तिनशेव्या किलोमीटरलाही बदलत नाही.

मेसेजचा शेवट मला सगळ्यात जास्त लागला: ‘आपल्या आयाबहिणी दिवसभर पऱ्हाटीत राबतात, त्या मुळातच कणखर.’ राबतात, हे खरंच. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगात रक्तच कमी असेल, तर तिला कणखर म्हणून तपासणी टाळायची का?

गेल्या आठवड्यात आमच्या चौघींचं रक्त तपासलं. दोघींचं हिमोग्लोबिन दहाच्या खाली. भरतीत त्यांना ८०० मीटर पळायचंय. शेवटच्या शंभर मीटरला त्या मागं पडायच्या, तेव्हा मी नुसता ‘जोर लाव’ म्हणून ओरडत होतो.